आपल्याच राजवाड्यात पाहुणी

आपल्या बेटावर ‘शातो’ ह्या शब्दाचा अर्थ कोणाला सांगावा लागत नाही. रेद्वीचा शातो म्हणजे राष्ट्रपतींचे निवासस्थान. मापूचा लाबूर्दोने शातो म्हणजे ऊसमळ्यांच्या मालकांचा जुना वाडा. आपल्या पणज्या-पणजोबांनी असले वाडे कुंपणाबाहेरून पाहिले. आज आपण मापूला तिकीट काढून आत जातो, मुलांना एकेक खोली दाखवतो, झाडाखाली फोटो काढतो. ज्यांचे हे वाडे होते त्या माणसांचे पुढे काय झाले, हा प्रश्न मात्र सहसा आपल्या मनात येत नाही.

माझ्या मनात तो आला अबू धाबीत. शाळेच्या सुटीत मी धाकट्या बहिणीकडे तेथे गेले होते. संयुक्त अरब अमिरातींच्या ह्या राजधानीत 2017 साली लूव्र अबू धाबी हे मोठे संग्रहालय सुरू झाले. फ्रान्स आणि अमिराती यांच्यात 2007 साली झालेल्या करारातून ते उभे राहिले. पॅरिसचे मूळ लूव्र हे सुमारे आठशे वर्षांपूर्वी राजा फिलिप ऑग्युस्तने बांधलेला किल्ला होते, हे आपल्यापैकी अनेकांना माहीत असेल. संग्रहालय पाहून बाहेर पडताना मेहुण्यांनी एक गोष्ट सांगितली. फ्रान्समधल्या फोंतेनब्लोच्या शातोत एक नाट्यगृह आहे आणि त्यावर अमिरातींचे शेख खलिफा यांचे नाव आहे! मला नवल वाटले. एका अरब राज्यकर्त्याचे नाव फ्रेंच राजवाड्यात कसे गेले? घरी परतल्यावर मी पुस्तके काढून बसले. ते नाट्यगृह जिच्या काळात बांधले गेले त्या बाईंची कथा वाचू लागले आणि तिच्यातच गुंतून गेले. ती सम्राज्ञी यूजेनी. आज तिचीच कथा सांगते.

यूजेनीचा जन्म 5 मे 1826 रोजी स्पेनमधल्या ग्रानादा शहरी झाला. त्या दिवशी भूकंपाचे धक्के बसत होते, म्हणून बागेत तंबू ठोकून तिच्या आईला तेथे नेले होते, असे सांगतात. वडील स्पेनचे सरदार होते. पहिल्या नेपोलियनच्या बाजूने लढताना त्यांनी एक डोळा गमावला होता. आईचे घराणे मूळचे स्कॉटलंडचे. यूजेनी आणि तिची थोरली बहीण पाका ह्या दोघी पॅरिसमध्ये जोगिणींच्या शाळेत शिकल्या. घरी येणाऱ्या पाहुण्यांत मेरीमे आणि स्तांदाल हे दोन नामवंत लेखक असत. ते मुलींना मांडीवर घेऊन नेपोलियनच्या लढायांच्या गोष्टी सांगत. 1839 साली वडील वारले. पुढे पाकाचे लग्न स्पेनच्या आल्बा घराण्यात झाले. यूजेनी मात्र पंचविशी उलटली तरी अविवाहित होती. घोडदौड, प्रवास आणि वाचन हे तिचे छंद होते.

इकडे फ्रान्समध्ये पहिल्या नेपोलियनचा पुतण्या लुई नेपोलियन सत्तेवर आला होता. त्याचे अर्धे आयुष्य हद्दपारीत आणि तुरुंगात गेले होते. आम नावाच्या गावच्या किल्ल्यात त्याने सहा वर्षे कैद भोगली आणि 1846 साली मजुराचे कपडे चढवून, खांद्यावर फळी घेऊन तो पहाऱ्यातून निसटला. 1848 साली लोकांनी त्याला राष्ट्राध्यक्ष निवडले, पण त्याने 1851 साली सैन्याच्या बळावर सारी सत्ता बळकावली आणि 1852 साली तो तिसरा नेपोलियन म्हणून सम्राट झाला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्याने काही पाहुण्यांना फोंतेनब्लोच्या जंगलात शिकारीला बोलावले. त्यात यूजेनी होती. तिची घोड्यावरची बैठक पाहून त्याने तो घोडाच तिला भेट दिला. दोन-तीन महिन्यांतच, 30 जानेवारी 1853 रोजी, पॅरिसच्या नोत्र-दाम देवळात त्यांचे लग्न लागले.

लग्नाच्या वेळची एक गोष्ट शिक्षिका म्हणून मला फार आवडली. पॅरिस नगरपालिकेने तिला हिऱ्यांच्या हारासाठी सहा लाख फ्रँक देऊ केले. तिने हार नाकारला आणि ते पैसे गरिबांसाठी खर्च करावेत असे कळवले. त्या पैशांतून पॅरिसच्या कामगार वस्तीत गरीब मुलींसाठी राहण्याची व शिकण्याची संस्था उभी राहिली. मौज अशी की वास्तुकाराने त्या इमारतीचा आराखडा हाराच्या आकाराचा केला. नाकारलेला हार असा विटा-दगडांत उतरला आणि तेथे मुली शिकू लागल्या.

फोंतेनब्लोचा राजवाडा पॅरिसपासून साठेक किलोमीटरवर आहे. पंधराशेहून अधिक खोल्या, भोवती विस्तीर्ण जंगल. बाराव्या शतकापासून फ्रान्सच्या राजांचा तेथे वावर होता. पहिला फ्रान्स्वा राजा याने 1528 सालापासून तो नव्याने बांधून काढला. पहिल्या नेपोलियनने 1814 साली तेथेच राज्यत्याग केला आणि अंगणात आपल्या सैनिकांचा निरोप घेतला. तिसऱ्या नेपोलियनने ह्या राजवाड्यात नवे नाट्यगृह बांधायला घेतले. लफ्युएल नावाच्या वास्तुकाराने 1853 ते 1856 ह्या काळात ते पुरे केले. यूजेनीला दुर्दैवी राणी मारी-आंत्वानेत हिच्याविषयी फार ओढ होती, आणि व्हर्सायला त्या राणीचे जे छोटे नाट्यगृह आहे त्याचाच आदर्श येथे ठेवला. सुमारे चारशे जणांची सोय, पिवळे रेशीम, सोनेरी नक्षी. 1857 च्या मे महिन्यात तेथे पहिला खेळ झाला.

वाचकहो, 1857 चा मे महिना म्हटला की आपल्याला दुसरेच काही आठवते. त्याच महिन्यात मेरठला बंडाचा वणवा पेटला. यूजेनीच्याच पिढीतल्या एका मराठी राणीचे राज्य इंग्रजांनी 1854 सालीच खालसा केले होते आणि तिला किल्ल्यातून बाहेर पडून शहरातल्या वाड्यात राहावे लागले होते. झांशीच्या लक्ष्मीबाईने 1858 साली रणांगणावर देह ठेवला. एकीकडे मेणबत्त्यांच्या उजेडात नाटक, दुसरीकडे तोफांचा धूर. जग एकच, वर्षही एकच.

यूजेनी नुसती नटून बसणारी राणी नव्हती. सम्राट राजधानीत नसताना 1859, 1865 आणि 1870 अशी तीन वेळा तिने राज्यकारभार पाहिला. 1865 साली तिने एक धाडसाचे काम केले. फोंतेनब्लोजवळच्या एका खेड्यात रोझा बोनर ही प्राण्यांची चित्रे काढणारी थोर चित्रकार राहत असे. फ्रान्सचा ‘लेजिओं दोनर’ हा सन्मान तोवर कोणा स्त्री-कलावंताला मिळाला नव्हता. कारभार हाती असताना यूजेनीने हुकमावर सही केली आणि सन्मानपदक घेऊन स्वतः तिच्या घरी गेली. 1867 साली शिक्षणमंत्री द्युर्युई यांनी मुलींसाठी माध्यमिक वर्ग सुरू केले. पुष्कळ धर्मगुरूंनी त्याविरुद्ध ओरड केली. यूजेनी स्वतः कट्टर कॅथॉलिक होती, तरीही तिने आपल्या बहिणीच्या दोन मुलींना त्या वर्गांना पाठवले. पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1848 साली मुलींची शाळा काढली तेव्हा त्यांना काय सोसावे लागले हे आपण जाणतो. मुलींच्या शिक्षणाला विरोध ही काही एकट्या हिंदुस्थानची गोष्ट नव्हती.

तिच्या चुकाही लहान नव्हत्या. मेक्सिकोत परक्या राजपुत्राला गादीवर बसवण्याच्या फ्रान्सच्या उद्योगाला तिने जोर दिला. त्याचा शेवट 1867 साली त्या राजपुत्राच्या वधात झाला. 1860 साली फ्रेंच आणि इंग्रज फौजांनी पेकिंगजवळचा चिनी सम्राटांचा उन्हाळी राजवाडा लुटला. त्या लुटीतल्या कितीतरी वस्तू यूजेनीने 1863 साली फोंतेनब्लोत आपल्या चिनी दालनात मांडल्या. आजही त्या तेथे पाहायला मिळतात. सुंदर आहेत, पण त्या कोणाच्या घरातून आल्या हे पाहणाऱ्याने विसरू नये. आणि तिच्याच पतीच्या कारकिर्दीत, 1860 साली, फ्रान्सने इंग्रजांशी करार करून शेजारच्या रेयुनियों बेटासाठी हिंदुस्थानातून शर्तबंद मजूर नेण्याची परवानगी मिळवली. आपल्या आप्रवासी घाटावर उतरणाऱ्यांचे भाऊबंद असे तेथेही पोचले.

आता यूजेनीच्या वैभवाचा कळस सांगते. सुएझचा कालवा खणणारे फर्दिनां द लेसेप्स हे तिचे नातलग. कालव्याच्या कामाला तिचा भक्कम पाठिंबा होता. आरंभी इजिप्तच्या हजारो शेतकऱ्यांना वेठीला धरून ते काम करून घेतले. ही वेठ थांबली तेव्हा इजिप्तने कंपनीला भरपाई किती द्यावी हा वाद तिसऱ्या नेपोलियनपुढे आला. 1864 साली त्याने आठ कोटी चाळीस लाख फ्रँकांचा निवाडा दिला. ज्यांनी वेठ केली ते बिचारे बाजूलाच राहिले, उलट त्यांच्याच देशाला दंड बसला! शेवटी 17 नोव्हेंबर 1869 रोजी कालवा खुला झाला. देशोदेशींच्या जहाजांच्या मिरवणुकीत सर्वांत पुढे होते यूजेनीचे ‘एगल’ हे जहाज. इजिप्तच्या खेदिव इस्माईलने तिच्या मुक्कामासाठी कैरोत नाईल नदीकाठी खास राजवाडा बांधला होता. तो आता एका मोठ्या हॉटेलचा भाग आहे.

त्या दिवशी पोर्ट सैदला बँड वाजत होते, पण आपल्या पोर्ट लुईच्या नशिबात काय लिहिले जात होते? तोवर युरोपातून हिंदुस्थानला जाणारी जहाजे आफ्रिकेला वळसा घालून येत, आणि आपले बंदर त्या वाटेवरचे विसाव्याचे ठिकाण होते. तेथे पाणी भरावे, अन्न घ्यावे, शिडे-डोलकाठ्या दुरुस्त कराव्यात. कालव्याने लंडन ते मुंबई ही वाट चार हजार सागरी मैलांहून अधिक कमी केली. जहाजे तांबड्या समुद्रातून जाऊ लागली आणि आपले बेट वाटेच्या बाजूला पडले. 1867 सालच्या हिवतापाच्या भयंकर साथीने पोर्ट लुई आधीच उजाड झाले होते. जे ऐपतदार होते ते थंड हवेच्या क्युरपीपकडे सरकले होते. त्यात बंदराचाही धंदा गेला. उरला तो ऊस, आणि उसात राबणारे आपले लोक. ज्या दिवशी जगाने टाळ्या वाजवल्या तो दिवस आपल्या बंदराला असा महाग पडला. मुलांना सुएझचा धडा शिकवताना मी नकाशावर दोन्ही वाटा काढून दाखवते. पाठ्यपुस्तकात एकच वाट असते.

कालव्याच्या उत्सवाला वर्षही पुरे झाले नाही तोच सारे कोसळले. 1870 च्या जुलैत फ्रान्सने प्रशियाविरुद्ध युद्ध पुकारले. यूजेनीही युद्धाच्याच बाजूची होती. सप्टेंबरच्या आरंभी सेदां येथे सम्राट सैन्यासह शत्रूच्या हाती सापडला. 4 सप्टेंबरला पॅरिसमध्ये प्रजासत्ताक जाहीर झाले आणि लोकांचा जमाव त्युलरी राजवाड्यावर चालून आला. यूजेनी लूव्रच्या दालनांतून मागच्या बाजूने बाहेर पडली आणि एका भाड्याच्या गाडीत बसली. जवळ ना दागिना ना सामान. शेवटी तिने इव्हान्स नावाच्या अमेरिकन दंतवैद्याचे दार ठोठावले. त्या भल्या माणसाने तिला आपल्या गाडीतून समुद्रकिनारी नेले. तेथून एका इंग्रज गृहस्थाच्या लहानशा नौकेतून, वादळाला तोंड देत, ती इंग्लंडला पोचली. जिने वर्षभरापूर्वी सर्वांत पुढच्या जहाजात उभे राहून मानवंदना घेतली, तीच आता भिजलेल्या कपड्यांनी परक्या किनाऱ्यावर उतरली.

मागे राहिलेले तिचे वाडेही राहिले नाहीत. सें-क्लूचा राजवाडा 1870 च्या ऑक्टोबरात युद्धात जळाला. त्युलरीला 1871 च्या मे महिन्यात बंडखोरांनी आग लावली आणि 1883 साली त्याचे अवशेषही पाडून टाकले. पती सुटून इंग्लंडला आला खरा, पण 9 जानेवारी 1873 रोजी तो वारला. उरला एकुलता एक मुलगा लुई. तो इंग्रजी तोफखान्याचे शिक्षण घेऊन दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू युद्धावर गेला आणि 1 जून 1879 रोजी तेथे मारला गेला. वय अवघे तेवीस. दुसऱ्या वर्षी ही माता बोटीने आफ्रिकेला गेली. मुलगा पडला ती जागा तिने शोधून काढली आणि त्याच्या वर्षश्राद्धाच्या रात्री ती त्या माळावर जागत बसली. परतताना ती सेंट हेलेना बेटावर उतरली. पहिल्या नेपोलियनने जेथे कैदेत प्राण सोडला ते घर तिने पाहिले. घराण्याचा आरंभ आणि शेवट तिने एकाच प्रवासात पाहिला म्हणायचा.

त्यानंतर ती आणखी चाळीस वर्षे जगली. इंग्लंडमध्ये फार्नबरो येथे तिने घर घेतले आणि जवळच मठ बांधला. 1888 साली पती आणि पुत्र यांचे देह तेथे आणून ठेवले. पुढे फ्रान्समध्ये येण्याजाण्याची मोकळीक मिळाल्यावर ती पॅरिसला येई आणि त्युलरीच्या बागेसमोरच्या हॉटेलात उतरे. खिडकीतून तिला जे दिसे ती आपल्याच उद्ध्वस्त घराची मोकळी जागा होती. लोक तिला विचारत की हे पाहवते तरी कसे. पण ती तोंड फिरवणाऱ्यांतली नव्हती.

1910 साली, चौऱ्याऐंशी वर्षांची असताना, ती कोंपियेनचा राजवाडा पाहायला गेली. हाही एके काळी तिचाच. दर शरद ऋतूत ती तेथे शे-शंभर पाहुण्यांना बोलावी. पाश्चर यांनी तेथेच 1865 साली तिला सूक्ष्मदर्शकातून जंतू दाखवले होते. आता तो सरकारी संग्रहालय झाला होता. काळ्या कपड्यांतली ही म्हातारी बाई इतर प्रवाशांबरोबर आत शिरली. वाटाड्या खोल्यांची माहिती सांगत होता आणि ती मुकाट्याने ऐकत होती. मुलाच्या खोलीशी आल्यावर मात्र तिचे पाय गळाले आणि तिने घटकाभर बसू देण्याची विनंती केली, असे सांगतात. ज्या वाड्यात तिच्या आज्ञेवाचून कोणी बसत नसे, तेथेच तिला बसण्यासाठी परवानगी मागावी लागली.

पहिल्या महायुद्धात तिने आपल्या घराचा एक भाग जखमी अधिकाऱ्यांच्या इस्पितळासाठी दिला. फ्रान्सने 1871 साली गमावलेले आल्सास-लोरेन प्रांत परत मिळावेत म्हणून जर्मन सम्राटाचे आपल्याजवळचे एक जुने पत्र तिने 1918 साली फ्रान्सच्या प्रधानमंत्र्यांकडे पाठवले. तो भूभाग जर्मन लोकांचा म्हणून नव्हे, लष्करी सोयीसाठी घेतला, अशी कबुली त्यात होती. ज्या देशाने हाकलले त्याच्यासाठी एवढे करून ती अखेर आपल्या जन्मभूमीला गेली. माद्रिदमध्ये बहिणीच्या सासरच्या वाड्यात, 11 जुलै 1920 रोजी, चौऱ्याण्णवाव्या वर्षी तिने डोळे मिटले. तेथेही ती पाहुणीच होती.

आणि फोंतेनब्लोचे ते नाट्यगृह? तेथे मोजकेच खेळ झाले आणि साम्राज्याबरोबर पडदाही पडला. पण फारसे वापरले गेले नाही म्हणूनच ते जसेच्या तसे राहिले. रेशीम विटले, नक्षीवर धूळ बसली, इतकेच. शेख खलिफा यांनी ते पाहिले आणि 2007 सालच्या करारानुसार अबू धाबीने त्याच्या दुरुस्तीसाठी एक कोटी युरो दिले. 2014 साली ते लोकांसाठी उघडले आणि 2019 साली सारे काम पुरे झाले. शेख खलिफा 2022 साली निवर्तले. आता त्या दारावर त्यांचे नाव आहे, आतल्या रेशमावर यूजेनीच्या काळाचा रंग आहे, आणि खुर्च्यांपुढून फिरतात ते तुमच्या-आमच्यासारखे तिकीट काढलेले लोक.

वाचकहो, आपले पूर्वज कोकणातून आले ते एक गाठोडे घेऊन. वाडा त्यांच्याजवळ नव्हता, त्यामुळे वाडा गमावण्याचे दुःखही नव्हते. पण घर मागे टाकणे म्हणजे काय हे त्यांना कोणी शिकवायला नको होते. म्हणून ह्या परक्या सम्राज्ञीचे दुःख आपल्याला समजते. तिच्या आनंदाच्या दिवशी आपल्या बंदराचे नुकसान झाले, हे विसरायचे कारण नाही. पण त्यासाठी तिचे दुःख नाकारण्याचेही कारण नाही. तिचे वाडे जळाले, विकले, संग्रहालये झाली. गरीब मुलींची शाळा, रोझा बोनरला दिलेले पदक, भाच्यांना वर्गात पाठवण्याचे धैर्य, एवढे मात्र तिच्या खात्यावर राहिले. जे देऊन टाकले तेच तिचे उरले.

आपली कितीतरी मुले आता शिकायला फ्रान्सला जातात. त्यांतले कोणी फोंतेनब्लोला किंवा कोंपियेनला गेले, तर त्यांनी छतांची सोनेरी नक्षी जरूर पाहावी. आणि गर्दीत एखादी म्हातारी बाई दमून उभी दिसली, तर तिला आधी बसायला खुर्ची द्यावी.